मिड-बास हॉर्नच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

आजपासून नोंदी ठेवतो आहे. वरचा हॉर्न, म्हणजे स्पीकरपुढचा कर्ण्यासारखा उघडत जाणारा मार्ग, तयार आहे: लाकडी, गोल, ३०० हर्ट्झची ट्रॅक्ट्रिक्स (कर्ण्याच्या वळणाचा एक प्रकार), तोंडाचा व्यास ३७ सेंमी, मागे १.४ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा स्पीकरचा भाग; हा खास हॉर्नसाठीचा). तो ५०० हर्ट्झपासून वरचं सगळं सांभाळतो. खाली, अगदी खालच्या स्वरांसाठी, दोन सबवूफर (सब) आहेत. मधला पट्टा, म्हणजे साधारण १२० ते ५०० हर्ट्झ, सध्या एका सीलबंद पेटीतल्या बारा इंची ड्रायव्हरकडे आहे, आणि गाडी तिथेच अडते.

हा पट्टा आपल्या संगीतात किती भरलेला आहे ते आकड्यांत मांडून पाहिलं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झला येतो. त्याच्या तानपुऱ्याची पंचमाची तार १०४ ला, जोडीच्या तारा १३९ ला. खर्जाची तार ६९ ला असली तरी कानाला ती बरीचशी १३९, २०८, २७७ या तिच्या वरच्या स्वरांवरूनच कळते. डग्ग्याची घुमक आणि तिच्यावर मनगट दाबून काढलेली मींड याच भागात खालून वर सरकते. आज होतं असं की तबल्याची चाट वरच्या हॉर्नमधून लखलखीत समोर येते आणि डग्गा तिच्या मागे पेटीत बसून राहतो. दोन वाद्यं वाजताहेत असं वाटतं, जोडी वाटत नाही.

इक्वलायझरने पातळी जुळते, पण पोत जुळत नाही. म्हणून मधला पट्टाही हॉर्नवर न्यायचा.

१५ फेब्रुवारी

ड्रायव्हर ठरला. दहा इंची, कागदी कोन (हलणारा शंकूसारखा पडदा), कापडी सराउंड (कोनची लवचीक कड), पीए म्हणजे सभा-कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेसाठी बनवलेला. छापील आकड्यांवर न जाता शंभर ओमचा रेझिस्टर लावून इम्पीडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा विद्युत रोध) स्वतः मोजला, चार तास गुलाबी नॉइजवर (चाचणीचा सलग खळखळाट) चालवून पुन्हा मोजला. एफएस (ड्रायव्हरची स्वतःची कंपनवारंवारता) ६० हर्ट्झ, क्यूटीएस (त्या कंपनाला किती कमी लगाम आहे त्याचा आकडा) ०.२४, व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच लवचीक असलेली हवा) ५० लिटर, कोनचं क्षेत्रफळ ३५० चौ.सेंमी, डीसी रोध ५.४ ओम.

हॉर्नसाठी क्यूटीएस कमी असलेला, म्हणजे जबर चुंबकाचा ड्रायव्हर का लागतो, ते ध्वनी अभियंते डी. बी. कील यांनी १९७७ मध्ये दिलेल्या सूत्रांवरून स्वच्छ कळतं. वरची मर्यादा साधारण २ × एफएस ÷ क्यूटीएस. इथे ती बरोबर ५०० हर्ट्झ येते. त्याच्या वर कोनच्या वस्तुमानामुळे आवाज उतरायला लागतो. मला क्रॉसओव्हर, म्हणजे दोन हॉर्नमधली आवाजाची वाटणी, तिथेच हवा आहे, तेव्हा हा ड्रायव्हर माझ्या कामाचा. हाच जर क्यूटीएस ०.४ चा असता तर उतार ३०० लाच सुरू झाला असता आणि वरच्या हॉर्नशी गाठ पडलीच नसती.

गळ्याचं, म्हणजे हॉर्नच्या ड्रायव्हरकडच्या अरुंद टोकाचं, क्षेत्रफळ २π × एफएस × क्यूटीएस × व्हीएएस ÷ ध्वनीचा वेग. वेग बहुतेक ठिकाणी ३४३ किंवा ३४५ धरतात. पुण्यात आमचा दिवाणखाना वर्षातला बराच काळ २७-२८ अंशांवर असतो, म्हणून ३४८ मीटर प्रतिसेकंद धरला. उत्तर १३० चौ.सेंमी. कोन ३५०, गळा १३०, म्हणजे दाबाचं प्रमाण २.७ ला १. कागदी कोनला हे झेपतं.

उघड्यावर वाजवला तर हा ड्रायव्हर दिलेल्या विजेपैकी सुमारे ४ टक्क्यांचाच आवाज करतो, आणि तरीही तो चांगल्यांत मोडतो. घरगुती ड्रायव्हर बहुधा १ टक्क्याच्याही खाली असतात. कोन जड, हवा हलकी. कोनची बरीच धडपड हवेला नुसतं इकडेतिकडे सारण्यात जाते. हॉर्नचा अरुंद गळा कोनसमोरच्या हवेला पाय रोवायला जागा देतो. मग तेवढ्याच आवाजासाठी कोनला कितीतरी कमी हलावं लागतं. मला हॉर्न हवा आहे तो यासाठी. मोठा आवाज हा वरचा नफा.

२२ फेब्रुवारी

आज दिवसभर फक्त कटऑफचा, म्हणजे ज्याच्या खाली हॉर्न काम करत नाही त्या वारंवारतेचा, विचार. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला हा एकच निर्णय असा आहे की तो चुकला तर पुढची सुतारकी कितीही सुबक झाली तरी उपयोग नाही.

मोह ७० हर्ट्झचा होतो. ७० पर्यंत हॉर्न गेला तर सबवूफरचं काम नाममात्र उरेल. पण एक्स्पोनेन्शियल हॉर्नचा (ठरावीक अंतराला क्षेत्रफळ दुप्पट होत जाणारा) हिशेब कुणाची भीड ठेवत नाही. तोंडाचा परिघ कटऑफच्या तरंगलांबीइतका हवा. ७० हर्ट्झची तरंगलांबी ४.९७ मीटर. मोकळ्या हवेत तोंड जवळजवळ २ चौ.मी. लागतं. जमीन आणि बाजूची भिंत मिळतात तिथे ठेवून, म्हणजे आवाजाला पसरायला चौथाई अवकाशच उरतो, तोंड चौथाईवर आणलं तरी ०.४९ चौ.मी., आणि लांबी १४४ सेंमी. मागची पेटी धरली तर पावणेदोन मीटरच्या आसपास. आमचा दिवाणखाना १२ बाय १७ फुटांचा.

मग लोक काय करतात, तर फ्लेअर (उघडत जाण्याचा वेग) ७० हर्ट्झचा ठेवतात आणि हॉर्न ८० सेंमीवर कापतात. कागदावर ‘७० हर्ट्झचा हॉर्न’ राहतो. पण कापलेल्या तोंडाशी आवाजाची लाट खोलीत सहज उतरत नाही, बरीचशी परत गळ्याकडे फिरते. मग काही स्वर फुगतात, काही बसतात, आणि हे डोंगर-दऱ्या नेमक्या गायकाच्या मंद्र-मध्य सप्तकात येतात. हॉर्नचा आवाज ‘पोकळ’, ‘भोंग्यासारखा’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा कापलेलं तोंड असतं. दोष हॉर्नच्या तत्त्वावर जातो, हे मला मनापासून खटकतं.

म्हणून १०० हर्ट्झ. तरंगलांबी ३.४८ मीटर, पूर्ण तोंड ०.९६ चौ.मी., चौथाई ०.२४ चौ.मी. लांबी ८१ सेंमी. हे घरात मावतं आणि पूर्ण बांधता येतं. वापर १२० पासून. कटऑफच्या अगदी काठावर हॉर्न भार धरत नाही, तिथे त्याला राबवायचं नाही. १२० च्या खालचं सब बघतील. परवडेल तो कटऑफ घ्यायचा आणि मग तोंडात एक सेंमीही कसर करायची नाही, हे पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं.

सिनेमागृहांसाठी बनवलेल्या आल्टेक ए७ या स्पीकरचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्यातला समोरचा हॉर्न आखूड, तो वरच्या बासपुरता. त्याखालचं काम पेटी आणि पोर्ट करतात. प्रचंड पडद्यामागे जागा असतानाही, त्या मंडळींनी एका हॉर्नवर सगळा भार टाकला नाही.

२ मार्च

मागची पेटी, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागची बंद पेटी. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो.

एक्स्पोनेन्शियल हॉर्नच्या गळ्याशी कोनला दोन गोष्टी भेटतात: एक शुद्ध रोध, जो आवाज होऊन बाहेर पडतो, आणि एक वस्तुमानासारखा अडथळा, जो नुसता लोंबतो. हा दुसरा अडथळा कटऑफजवळ सर्वांत जास्त आणि वारंवारता वाढेल तसा त्याच प्रमाणात कमी होतो. आता कोनच्या मागे सीलबंद हवा ठेवली तर तिची स्प्रिंगही वारंवारतेबरोबर अगदी त्याच प्रमाणात कमी होते, फक्त उलट चिन्हाने. म्हणजे पेटीचं आकारमान नेमकं साधलं तर दोन्ही एकमेकांना एका जागी नाही, कटऑफच्या वर सगळीकडे खोडतात. उरतो फक्त रोध.

हिशेब: गळा × वेग ÷ (२π × १००) = ७.२ लिटर, ही एकूण स्प्रिंग. तिच्यात ड्रायव्हरच्या स्वतःच्या सस्पेन्शनचा वाटा ५० लिटरइतका. तो वजा जाता पेटी ८.४ लिटर. ड्रायव्हरच्या चुंबकाची आणि बास्केटची जागा धरून आतून १० लिटर बांधायची.

नुसत्या ८.४ लिटरमध्ये या ड्रायव्हरचा रेझोनन्स (स्वतःची कंपनवारंवारता) १५८ हर्ट्झला चढतो. इतकी लहान पेटी पाहून कुणालाही वाटेल की बास मेला. पण पुढे हॉर्नचं वस्तुमान लागलं की तो खाली येतो.

पुढची पोकळी, म्हणजे कोन आणि गळ्याची फळी यांमधली हवा: कोनचा खोलगटपणा सुमारे १ लिटर, आणि सराउंड फळीला घासू नये म्हणून घातलेल्या १२ मिमी कड्यामुळे अर्धा लिटर. दीड लिटरला वरचा उतार ९६० हर्ट्झला येतो. माझ्या ५०० च्या बराच वर, आणि त्यापलीकडचा गोंगाट आपोआप गाळला जातो. ५०० हर्ट्झला तरंगलांबी ७० सेंमी असल्यामुळे फेज प्लगची (कोनच्या सगळ्या भागांचा आवाज गळ्याशी एकाच वेळी पोचवणारा ठोकळा) गरज नाही. तो न करण्याने बरंच काम वाचलं.

९ मार्च

आकार. एम (हॉर्न किती वेगाने उघडतो त्याचा आकडा) = ३.६१ प्रतिमीटर, म्हणजे दर १९.२ सेंमीला क्षेत्रफळ दुप्पट: १३०, २६०, ५२०, १०४०, २०८०, आणि ८१ सेंमीला २४२० चौ.सेंमी.

चारही बाजू वळवायच्या तर सुतार हात टेकतील. त्यामुळे रुंदी सरळ रेषेत वाढवली: गळ्याशी १३ सेंमी, तोंडाशी ६०. मग उंची आपोआप ठरते: १०, १०.८, १४.७, २२.४, ३६.१, आणि तोंडाशी ४०.४. पहिल्या वीस सेंमीत उंची जवळजवळ हलतच नाही, आणि शेवटी झपकन उघडते. तळ सपाट, दोन्ही बाजू सरळ, प्रत्येकी १६ अंश बाहेर. वळण फक्त वरच्या फळीला. तळ जमिनीला चिकटलेला हवाच आहे, त्यामुळे हे सोयीचंही आणि ध्वनीच्या दृष्टीने बरोबरही.

हॉर्नरेस्प या हॉर्नच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये घालून पाहिलं. चौथाई अवकाशात १२० ते ५०० दरम्यान अडीच-तीन डेसिबलची लाट दिसते. अर्ध्या अवकाशात (फक्त जमीन, भिंत नाही) तीच दुपटीच्या आसपास जाते.

१६ मार्च

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून खऱ्या मापाचा हॉर्न दिवाणखान्यात मांडला. सौ. म्हणाली, “अहो, उंची एवढीच राहणार असेल तर चालेल. वरती कुंडी मात्र ठेवू देणार नाही ना तुम्ही?” वरती ट्रॅक्ट्रिक्स बसणार असल्याचं सांगितलं. मंजुरी मिळाली. पुठ्ठा आठवडाभर तिथेच ठेवला, जाता-येता पाय लागतो का ते कळायला.

३० मार्च, गुढीपाडवा

मुहूर्ताला पहिला कट. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणला: १८ मिमी, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), आयएस ७१० चा शिक्का पाहून. ही मरीन जात; पावसाळ्यात फुगत नाही आणि आत पोकळ जागा कमी. तरी प्रत्येक तक्ता उभा करून बोटाच्या पेराने ठोकत गेलो. जिथे टकटक अचानक खोल वाजते तिथे आत थर सुटलेला असतो. असा भाग हॉर्नच्या भिंतीत गेला तर तो एखाद्या स्वराला कुरकुरणार. खडूने खुणा करून ते तुकडे टेकूंसाठी वेगळे काढले.

मिस्त्रींना आराखडा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहून विचारलं, “साहेब, आतून पॉलिश लागणार का?” आतून गुळगुळीत हवं, चकाकी नको, आणि सांध्यात सुईही जायला नको, एवढं सांगितलं. “मग सांधा डॅडो करतो, नुसत्या स्क्रूवर ठेवत नाही,” म्हणाले. डॅडो म्हणजे एका फळीत खाच पाडून दुसरी तिच्यात बसवणं. योग्य माणूस मिळाला.

१३ एप्रिल

वरची वळणाची फळी. ४ मिमी प्लायचे तीन थर, मध्ये गोंद, साच्यावर वाकवून. साचा म्हणजे १८ मिमीच्या पाच बरगड्या, प्रत्येकीवर उंचीचे आकडे दर चार सेंमीला खिळ्याने टोचून काढलेले. पहिला थर कोरडा वाकवला, तर शेवटच्या झपाट्याच्या वळणावर चरचरला. मिस्त्रींनी बाहेरच्या थरावर ओलं फडकं तासभर टाकून ठेवलं आणि रेषांची दिशा आडवी घेतली; मग तो वाकला. क्लॅम्प कमी पडले तेव्हा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. खरं सांगायचं तर ट्यूबचा दाब क्लॅम्पपेक्षा एकसारखा लागतो. उन्हाळ्यात गोंद लवकर धरतो, म्हणून काम पहाटे सुरू केलं. चोवीस तास साच्यावरच ठेवला. काढल्यावर वळण तोंडाशी ३ मिमी उघडलं. क्षेत्रफळात हा फरक एक टक्काही नाही.

२७ एप्रिल

पहिला हॉर्न गच्चीवर. सकाळी सहाच्या आत, वारा पडलेला आणि रहदारी सुरू व्हायची होती. माइक दोन मीटरवर, जमिनीवर आडवा, म्हणजे जमिनीचा परावर्तित आवाज वेगळा खड्डा पाडत नाही.

आधी गच्चीच्या मध्यभागी. हा अर्धा अवकाश, त्याला ०.४८ चौ.मी. तोंड हवं, आपल्याकडे निम्मं. आलेख तसाच आला: १३० आणि २३० हर्ट्झच्या आसपास दोन डोंगर, मध्ये सुमारे सहा डेसिबलची दरी. मग हॉर्न उचलून जिन्याच्या खोलीच्या भिंतीला चिकटवला. तोच हॉर्न, तोच ड्रायव्हर, तीच पातळी. दरी तीन डेसिबलवर आली आणि १२० हर्ट्झला आवाज लक्षणीय वाढला. भिंत ही हॉर्नचाच भाग आहे हे सूत्रात वाचणं वेगळं आणि आलेखावर दरी भरताना बघणं वेगळं. इम्पीडन्सच्या रेषेतही तेच: मध्यभागी असताना तिला उंच कुबडं होती, भिंतीशी ती बसली.

मग हॉर्न भिंतीपासून हळूहळू सरकवत गेलो. दहा सेंमीपर्यंत फारसा फरक नाही. तीस सेंमीवर दरी पुन्हा उघडायला लागते. म्हणजे पडदा, प्लिंथ, वायरिंगची पट्टी यांची अडचण नाही, पण ‘थोडं बाजूला घेऊ, बरं दिसेल’ हे चालणार नाही.

विकृतीही मोजली. १५० हर्ट्झ, एक मीटरवर ९५ डेसिबल: दुसरा हार्मॉनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा नको असलेला सूर) मूळ सुरापेक्षा ५० डेसिबल खाली. जुन्या सीलबंद पेटीचा याच पातळीला ४० खाली होता. कोनला हात लावला तर हालचाल जाणवतही नाही, आणि समोर उभं राहिलं की शर्ट थरथरतो.

४ मे

भिंतींचं कुरकुरणं. साइन स्वर हळूहळू चढवत तळहात फळ्यांवर फिरवला. बाजूच्या फळ्या ३१० ला आणि वरची वळणाची फळी २६० च्या आसपास जागी होते. सपाट फळ्यांना बाहेरून तिरके टेकू दिले. तिरके अशासाठी की फळीचे दोन समान भाग होऊ नयेत. वळणाची फळी मुळातच ताठ, पण पातळ. तिच्या आणि बाहेरच्या आवरणाच्या मधल्या पोकळीत भाजून कोरडी केलेली चाळलेली वाळू भरली. वजन इतकं वाढलं की हॉर्न आता एकट्याने हलत नाही. तळहाताखाली मात्र सगळं शांत.

पेटीत जाड लोकर फक्त मागच्या भिंतीला. पूर्ण भरली तर हवेची स्प्रिंग सैल होते आणि ८.४ लिटरचा हिशेब बिघडतो.

१८ मे

दोन्ही हॉर्न दिवाणखान्यात. डावा भक्कम भिंतीशी. उजव्या बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. दार बंद असताना काच भिंतीचं काम चोख करते. दार उघडलं की १२० ते १८० मध्ये तीन डेसिबल जातात आणि तानपुरा डावीकडे झुकतो. मे महिन्यात दार बंद ठेवून कोण बसणार! तोंडाच्या कडेला बिजागरीवर ६० सेंमी रुंद प्लायचा पंख लावला. उघड्या दारातही गेलेल्यापैकी निम्मं परत मिळतं. बाकीचं त्या पट्ट्यात दीड डेसिबल वाढवून.

तोंड स्पीकरांच्या मागच्या भिंतीपासून १.०५ मीटर पुढे येतं. मागून फिरून येणाऱ्या लाटेचा खड्डा ८३ हर्ट्झला पडायला हवा, म्हणजे हॉर्नच्या कामाच्या पट्ट्याबाहेर. मोजलं, तिथेच आहे. भिंतीपासून ८० सेंमीवर ठेवलेल्या साध्या स्पीकरला हाच खड्डा १०९ ला पडतो, थेट पंचमाच्या तारेवर.

तोंडाच्या उघड्या कडांना ७५ मिमी पीव्हीसी पाइप उभा चिरून गोलाई दिली. ३०० च्या खाली काही बदललं नाही. वर किंचित स्वच्छ.

३१ मे

वेळ जुळवणं. दोन्ही तोंडं एका उभ्या रेषेत आहेत, पण मिड-बासचा ड्रायव्हर तोंडाच्या ८१ सेंमी मागे आणि वरचा ३७ सेंमी मागे. फरक ४४ सेंमी, म्हणजे १.२६ मिलिसेकंद, ५०० हर्ट्झला हे अर्ध्या तरंगलांबीहून जास्त. वरचा हॉर्न ४४ सेंमी मागे ढकलला तर त्याच्या समोर मिड-बासची सपाट पाठ येते आणि तिच्यावरून आवाज उसळतो. म्हणून डीएसपीत (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात) वरच्याला विलंब. पडताळणी वरच्याची ध्रुवता (तारांची अधिक-उणे बाजू) उलटी करून: ५०० ला खड्डा जितका खोल, तितकी वेळ जुळलेली. १.३ मिलिसेकंदांवर तो २५ डेसिबलपर्यंत गेला. ध्रुवता सरळ केली, रेष सपाट.

सबचं प्रकरण वेगळं. सब मिड-बासच्या ड्रायव्हरइतकेच मागे आहेत, पण कटऑफजवळ हॉर्नमधून लाट रेंगाळत जाते. १२० हर्ट्झला तिचा समूहवेग, म्हणजे आवाज प्रत्यक्ष पुढे पोचण्याचा वेग, मोकळ्या हवेतल्या वेगाच्या ५५ टक्के. ८१ सेंमीला २.३ ऐवजी ४.२ मिलिसेकंद लागतात. २.३ चं मोकळ्या हवेतलं अंतर सबच्या आवाजालाही कापावंच लागतं. त्याहून जास्तीचा सुमारे २ मिलिसेकंदांचा फरक सबला विलंब देऊन भरला. मोजणीतही आकडा त्याच्या आसपासच आला. क्रॉसओव्हर दोन्हीकडे लिंकविट्झ-रायली प्रकारचा, दर सप्तकाला २४ डेसिबल उताराचा.

८ जून

आज पहिल्यांदा मोजणी न करता, सलग ऐकलं. आधी विलंबित एकताल, पुरुष गायक, काळी एक. समेवर डग्गा आणि चाट एकाच हातातून आल्यासारखे एकत्र पडले. मींड खालून वर चढताना कुठे फुगली नाही, कुठे दबली नाही. तिचा वेगसुद्धा कळत होता, तबलजी मनगट किती रेटतो आहे ते. मंद्रातल्या आलापात आवाजाला छाती आली. तानपुरा आधी धुक्यासारखा पसरायचा, आता चार तारा मोजता येतात.

कमीत कमी आवाजातही हे टिकतं, ही मला सर्वांत मोठी मिळकत वाटते. रात्री अकराला, शेजाऱ्यांना त्रास न होता, डग्ग्याचं अंग शाबूत.

बाकी कामं: उजव्या पंखाची बिजागरी एका ठरावीक स्वराला किणकिणते, तिच्यात नायलॉनचा वॉशर. बाहेरून सागाचं विनियर आणि मेलामाइन पॉलिश पावसाळा सरल्यावर. दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं. तोपर्यंत उघड्या कडांना सीलरचा एक हात, तो या रविवारी. ऑक्टोबरमध्ये इम्पीडन्स पुन्हा मोजायचा, पावसाळ्यात लोकर बसली आणि सांधे हलले का ते पाहायला.